सर्व्हर आपला, किल्ल्या कोणाच्या कंबरेला?



आपल्या सात संस्थांच्या सामायिक सर्व्हरचे कंत्राट संपत आले आहे. पुढची तीन वर्षे तो कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि कोणत्या कंट्रोल पॅनेलवर चालवायचा, यावर येत्या बैठकीत मतदान आहे. कार्यकारिणीच्या टिपणातला प्रस्ताव असा: अल्मालिनक्स, आणि त्यावर सीपॅनेल. खाली एक ओळ: "विषय तांत्रिक असल्याने चर्चेत वेळ न घालवता मंजुरी द्यावी."

माझा प्रस्तावाला विरोध आहे, आणि त्या शेवटच्या ओळीला त्याहून जास्त.

भटजीशिवाय लग्न लावता येते, हे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून ज्यांनी दाखवून दिले त्या जोतीरावांचे नाव आपण प्रत्येक कार्यक्रमात घेतो. मंत्र कळत नाहीत म्हणून मंत्र म्हणणाऱ्याच्या हाती सगळे सोपवू नका, असे इतरांना सांगतो. आणि संगणकाचा विषय निघाला की मात्र हात जोडून "आम्हाला त्यातले कळत नाही, तुम्हीच काय ते ठरवा" म्हणतो. मी स्वतः ह्या धंद्यातली आहे. ड्युसेलडॉर्फला दिवसा एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते आणि रात्री आपला. तेव्हा भटजीणबाईच सांगताहेत असे समजा: ह्यात न कळण्यासारखे काही नाही. अर्धा तास द्या.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ. इमारत एक, जिना एक, नळ एक, खोल्या वेगळ्या. आपल्या चाळीत सात संस्था, त्यांची एकवीस संकेतस्थळे आणि दीडशेच्या आसपास टपालपेट्या नांदतात. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे पाया, भिंती आणि नळजोडणी. कंट्रोल पॅनेल म्हणजे चाळीचा मेहता: नवे बिऱ्हाड आले की खोली उघडून देणारा, कोणाला किती पाणी ते पाहणारा, किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा. मेहता हवाच. आपल्या खजिनदारांना एक टपालपेटी उघडण्यासाठी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायला लावणे हा काही पुरोगामीपणा नाही. पण तो मेहता पगार कोणाकडून घेतो आणि कोणाचे ऐकतो, हे चाळीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

आधी पाया पाहू.

रेड हॅट ही अमेरिकी कंपनी आपली लिनक्स प्रणाली पाठिंब्यासह विकते. परवाना मुक्त असल्याने तिचा मूळ कोड घेऊन तीच प्रणाली कोणालाही बांधता येत असे. २००४ पासून स्वयंसेवकांनी ते केले; त्याचे नाव सेंटओएस. जगभरच्या शेअर्ड होस्टिंगचा फार मोठा भाग ह्याच फुकट पायावर उभा राहिला, आपला जुना सर्व्हरही. जानेवारी २०१४ मध्ये रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला, तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला. जुलै २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरना आयबीएमने रेड हॅटच विकत घेतली. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झाले की सेंटओएस ८, जिला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळायच्या होत्या, ती ३१ डिसेंबर २०२१ ला बंद होईल. ज्यांनी वर्षभर खपून सर्व्हर सातवरून आठवर हलवले होते त्यांची आठ वर्षे एका सूचनेत गेली. जे सातवर थांबले होते त्यांना ३० जून २०२४ पर्यंत मुदत होती. आळशी माणूस शहाणा ठरण्याचे असे प्रसंग आमच्या धंद्यात विरळाच.

त्या घोषणेच्या पाठोपाठ २०२१ च्या मार्चमध्ये अल्मालिनक्स आणि जूनमध्ये रॉकी लिनक्स आले. दोन्ही प्रामाणिक प्रकल्प आहेत, दोन्हींमागे कष्ट आहेत आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण जून २०२३ मध्ये रेड हॅटने मूळ प्रणालीचा कोड सर्वांसाठी खुला ठेवणे थांबवले आणि तो ग्राहकांपुरता ठेवला. त्यावर अल्माला आपले ध्येयच बदलावे लागले: 'हुबेहूब प्रत' ऐवजी 'सुसंगत प्रणाली'. त्यांनी ते चांगले निभावले. तरीही ह्या घराण्यातल्या प्रणाली ज्या विहिरीतून पाणी भरतात ती विहीर दुसऱ्याच्या वाड्यात आहे, आणि त्या वाड्याचा दरवाजा एकदा २०२० मध्ये आणि एकदा २०२३ मध्ये आपल्या डोळ्यांदेखत लावला गेला. तिसऱ्यांदा लागणार नाही असे कार्यकारिणी कशावरून म्हणते?

डेबियन १९९३ पासून आहे. तिला मालक नाही. १९९७ साली तिच्या स्वयंसेवकांनी एक सामाजिक करारनामा मंजूर केला, त्याचे पहिलेच कलम असे की ही प्रणाली पूर्णपणे मुक्तच राहील. तिला लिखित घटना आहे, आणि तिचा प्रमुख दरवर्षी विकासकांच्या मतदानाने निवडला जातो. (आपल्या महाराष्ट्र मंडळांपैकी कितींना हे जमते ते मोजून पाहा.) एक आवृत्ती तीन वर्षे पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन योजनेखाली सांभाळली जाते. म्हणजे पाच वर्षे, अल्माची दहा. अल्माच्या बाजूने हा एक मुद्दा खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण डेबियनमध्ये एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर चालत्या सर्व्हरला नेता येते, ती वाट वर्षानुवर्षे मळलेली आहे. दहा वर्षे एकाच जागी बसून अकराव्या वर्षी सगळे सामान उचलण्यापेक्षा दर काही वर्षांनी एक पायरी चढणे मला बरे वाटते.

डेबियनची स्थिर आवृत्ती शिळी असते, अशी तक्रार नेहमीची. मार्च २०२४ मध्ये त्या शिळेपणाची किंमत कळली. एक्सझेड नावाच्या एका लहानशा संपीडन-ग्रंथालयात कोणीतरी दोनेक वर्षे विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसवला होता. लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंदावले म्हणून आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याने खोदकाम केले आणि २९ मार्चला ते उघड झाले. तोवर चोरदरवाजा डेबियनच्या चाचणी-शाखांपर्यंत आणि फेडोराच्या नव्या आवृत्त्यांपर्यंत पोहोचला होता. डेबियनच्या स्थिर शाखेत तो पोहोचलाच नव्हता. आपल्याला चाळ चालवायची आहे, फॅशन शो नाही.

आता मेहत्याकडे वळते, कारण खरी गोम तिथे आहे.

सीपॅनेल १९९६ सालचे. उत्तम पॅनेल आहे, वापरायला सोपे आहे, आणि अर्ध्या जगाला त्याची सवय आहे. त्याचा जुना स्पर्धक प्लेस्क. जर्मनीत प्लेस्क सगळीकडे दिसते. कोणते घ्यावे यावर होस्टिंगवाल्यांत पूर्वी हमरीतुमरी चाले. मग ओकली कॅपिटल ह्या गुंतवणूक-निधीने २०१७ मध्ये प्लेस्क घेतले आणि २०१८ मध्ये सीपॅनेलही घेतले. दोन्ही स्पर्धक आता वेबप्रोस ह्या एकाच छताखाली आहेत, आणि त्यात नंतर सीव्हीसी ह्या त्याहून मोठ्या निधीने बहुसंख्य हिस्सा घेतला. दोन दुकानांत भाव करून घेणारे गिऱ्हाईक एक दिवस पाहते तो दोन्ही गल्ल्यांवर एकच शेठ.

शेठजींनी पहिले काय केले? २७ जून २०१९ ला सीपॅनेलने जाहीर केले की १ सप्टेंबरपासून परवाना सर्व्हरमागे नाही तर खात्यांच्या संख्येप्रमाणे. तोवर एका सर्व्हरचा एक परवाना घेतला की खाती कितीही उघडा. आता पाच खात्यांपर्यंत एक दर, तीसपर्यंत दुसरा, शंभरपर्यंत तिसरा, त्यापुढे दर खात्यामागे वेगळे. दोन महिन्यांची नोटीस. त्यानंतर दर वारंवार वाढत गेले आहेत, बहुधा नव्या वर्षाच्या मुहूर्तावर.

"दोन-चार युरोंचा प्रश्न आहे, वर्गणी वाढवू," असे आपल्यातल्या एका मित्राचे म्हणणे. पैशांचा प्रश्न असता तर मी हा लेख लिहिला नसता. प्रश्न त्याच मित्राच्या पुढच्या वाक्यात आहे. ते म्हणाले, "आपल्या संस्था सात आहेत, तर तीन लहान संस्था एकाच खात्यात घालू, म्हणजे पाचात बसू."

हे वाक्य मी दोनदा वाचले. कागदावर हिशेब चोख आहे. सर्व्हरच्या आत त्याचा अर्थ काय होतो ते सांगते, कारण ह्या सगळ्या वादात हा एकच परिच्छेद वाचलात तरी चालेल.

अशा पॅनेलवर एक खाते म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने एक माणूस. खात्यात तीन संकेतस्थळे घातली तरी आतून ती एकाच माणसाच्या नावावर चालतात. एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या फाइली उघडू शकतो. आणि सीपॅनेलमध्ये टपालही त्याच खात्याच्या घरात, त्याच माणसाच्या मालकीचे म्हणून ठेवलेले असते. आता आपल्या त्या तीन लहान संस्था कोणत्या? एक गणेशोत्सवाची तिकिटे विकते. तिचे वर्डप्रेस वर्षातून दोन महिने जागे असते आणि दहा महिने त्याच्या प्लगिनांकडे कोणी ढुंकून बघत नाही. दुसरी मुलांचे मराठी वर्ग चालवते. तिसरीच्या टपालपेटीत जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या मुलामुलींची पत्रे येतात: नावे, गावे, भावाचा फोन नंबर, "घरी कळले तर" अशा वाक्यांसकट. तिकिटांच्या प्लगिनातले भोक कोणाला सापडले की तो त्याच माणसाच्या अधिकारात घरभर फिरतो, आणि ती पत्रे वाचतो. कुलूप फोडावे लागत नाही, कारण आपणच दोन खोल्यांमधली भिंत पाडलेली असते. वर्गणी वाचावी म्हणून.

खात्यामागे पैसे आकारणारे पॅनेल प्रत्येक भिंतीवर कर लावते. भिंती कमी करा, स्वस्त पडेल, असा त्या दरपत्रकाचा सांगावा असतो. सीपॅनेलमध्ये दोन खात्यांमधली भिंत कच्ची आहे असे माझे म्हणणे नाही. क्लाउडलिनक्स जोडले तर ती चांगलीच भक्कम होते. पण सुरक्षेसाठी जे फुकट आणि मुबलक हवे तेच महाग ठेवणारा व्यवहार गरीब संस्थांना कुठे ढकलतो, हे आपल्याच टिपणात दिसले. पाण्याच्या मीटरबद्दल आपण मोर्चे काढलेले लोक आहोत.

आयएसपीकॉन्फिग हे पॅनेल जर्मनीतच, ल्युनेबर्गला घडते. बीएसडी परवाना, कोड सगळा उघडा, खाती हवी तितकी. प्रत्येक संकेतस्थळाला आपोआप वेगळा माणूस मिळतो, आणि टपाल संकेतस्थळांपासून वेगळे, वेगळ्याच मालकाच्या नावावर राहते. म्हणजे तिकिटांचे भोक तिकिटांपुरते. लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रे पॅनेलमधूनच एका खुणेने मिळतात. दिसायला ते सीपॅनेलइतके गोंडस नाही, हे कबूल. पहिल्या दिवशी खजिनदार मला तीन फोन करतील, हेही कबूल. फ्रॉक्सलॉर त्याहून आटोपशीर आहे आणि एकट्या संस्थेला मी तेच सुचवीन; पण आपल्याला सात संस्थांचे सात कारभारी आणि प्रत्येकाला आपल्यापुरतेच दिसेल अशी सोय हवी, ती आयएसपीकॉन्फिगमध्ये अधिक बरी आहे.

फ्रॉक्सलॉरचे नाव निघालेच आहे तर त्याची जन्मकथा सांगते, कारण ती ह्याच देशात घडली. २००० च्या दशकात जर्मन होस्टिंगमध्ये कॉन्फिक्स नावाचे पॅनेल घरोघरी असे. बंद कोड, विकत परवाना. ज्या कंपनीकडे ते होते तिच्याकडेच प्लेस्कही होते. दोन पॅनेल कशाला पोसायची म्हणून कॉन्फिक्स बंद झाले, आणि ग्राहकांना सांगितले गेले की प्लेस्ककडे या. कॉन्फिक्स आज नाही. त्याच काळात सिससीपी नावाचे एक साधे मुक्त पॅनेल होते. त्याचेही काम मंदावत गेले. पण कोड मुक्त होता, म्हणून २०१० मध्ये त्यातल्या काही जणांनी तो उचलला आणि नवे नाव दिले: फ्रॉक्सलॉर. ते आजही चालू आहे. सेंटओएस बंद झाले तेव्हा अल्मा आणि रॉकी उभे राहू शकले तेही ह्याच कारणाने. मुक्त सॉफ्टवेअर अमर असते असा माझा दावा नाही. त्याला वारस लावता येतो एवढेच. बंद पॅनेलचा वारस ठरवण्याचा हक्क निधीकडे असतो.

आणि ह्याच कारणाने 'फुकट' आणि 'मुक्त' ह्यांत गल्लत करू नका. एरफुर्टच्या एका कंपनीचे कीहेल्प हे पॅनेल फुकट मिळते, डेबियनवर छान चालते, माझे दोन सहकारी ते आनंदाने वापरतात. पण त्याचा कोड बंद आहे. आज फुकट आहे ते मालकाची मर्जी म्हणून. दानात मिळालेल्या खोलीचा भाडेकरार नसतो.

आता आक्षेप. सगळ्यात जड आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१८ मध्ये वेस्टा ह्या मुक्त पॅनेलच्या इन्स्टॉलरमध्येच फेरफार होऊन अनेक सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ले करायला जुंपले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये वेबमिनमध्ये चोरदरवाजा सापडला. त्यांचे बांधणी करणारे यंत्रच वर्षभर आधी फोडले गेले होते. "बघा, फुकटच्या मालाची ही गत," असे आमच्या मित्रांचे म्हणणे. ठीक. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये खुद्द सीपॅनेलने ग्राहकांना कळवले होते की त्यांच्या तांत्रिक मदत विभागाचा एक सर्व्हर फोडला गेला आहे, तेव्हा गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी मदत मागितली त्यांनी आपल्या सर्व्हरचे मुख्य परवलीचे शब्द बदलावेत. पैसे दिले की चोर येत नाही असे कुठेच नाही. फरक नंतरचा आहे. वेस्टाच्या कारभारावर विश्वास उरला नाही तेव्हा लोकांनी तोच कोड घेऊन हेस्टिया काढले आणि ते वेगाने पुढे गेले. बंद पॅनेलवर विश्वास उरला नाही तर तुम्ही फक्त निघून जाऊ शकता, तेही सामान बांधता आले तर.

सामान बांधण्याच्या बाबतीत सीपॅनेलला न्याय द्यायला हवा: त्याचा बॅकअप इतका प्रचलित आहे की प्लेस्क, डायरेक्टअॅडमिन वगैरे इतर पॅनेले तो वाचू शकतात. पण ही सगळी वाट एका शेठकडून दुसऱ्या शेठकडे, किंवा त्याच शेठच्या दुसऱ्या गल्ल्याकडे जाते. आयएसपीकॉन्फिग डेबियनचेच अपाचे, पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि मारियाडीबी वापरते आणि त्यांची मांडणी नेहमीच्या जागी लिहून ठेवते. उद्या पॅनेल काढून टाकले तरी संकेतस्थळे चालतात, टपाल येते, आणि डेबियन जाणणारे कोणीही ती मांडणी वाचू शकते. मेहता गावी गेला म्हणून नळ बंद पडत नाही.

दुसरा आक्षेप: रविवारी रात्री सर्व्हर पडला तर कोण उठणार? हा प्रश्न मला विचारला जातो तेव्हा थोडी मौज वाटते, कारण गेली सहा वर्षे रविवारी रात्री मीच उठते, आणि सशुल्क पॅनेलची मदत-खिडकी मला सोमवारी "आपली तक्रार नोंदवली आहे" असे कळवते. आयएसपीकॉन्फिगच्या कर्त्यांकडूनही पैसे देऊन मदत घेता येते. पण माझे म्हणणे त्यापुढचे आहे. परवान्याचे जे पैसे वाचतील त्यातला काही भाग डेबियनला आणि आयएसपीकॉन्फिगला देऊ, आणि उरलेले इथे शिकायला आलेल्या आपल्या दोन मुलामुलींना मानधन म्हणून देऊ. त्यांनी माझ्याबरोबर सर्व्हर सांभाळायचा. एकट्या बाईच्या झोपेवर सात संस्था अवलंबून ठेवणे हे कोणत्याही पॅनेलपेक्षा धोक्याचे आहे. शिकण्यासाठी लांब जायला नको. केऑस कॉम्प्युटर क्लबची शाखा, केऑसडॉर्फ, ड्युसेलडॉर्फमध्येच आहे, आणि तिथले लोक प्रश्न विचारणाऱ्याची जात तर सोडाच, आडनावही विचारत नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्या लिपीची. मागे एका होस्टने आमचा विदा हलवून दिला तेव्हा एका संस्थेच्या कित्येक जुन्या लेखांची नुसती प्रश्नचिन्हे झाली. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत मूळ नेमणूक लॅटिन अक्षरांची होती, वर्णक्रम चक्क स्वीडिश. त्यात देवनागरी घातली की तीन-तीन बाइटचे एक अक्षर तीन परकी अक्षरे म्हणून साठते. ती अवस्था दिसायला भयंकर, पण उलटवता येते: बाइट जागेवर असतात, काढताना 'रूपांतर करू नको' एवढे सांगावे लागते. पण यंत्राने शहाणपणाने रूपांतर केले की न ओळखलेल्या प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते, आणि प्रश्नचिन्हातून 'ळ' परत येत नाही. हे काम सर्व्हरची मुख्य किल्ली असलेल्या, मराठी वाचता येणाऱ्या माणसाने बघत-बघत करायचे असते. डेबियन ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, तिथल्या मारियाडीबीची मूळ नेमणूकच पूर्ण युनिकोडची आहे. पण नेमणूक बदलल्याने जुना विदा सुधारत नाही. स्थलांतर कोण करणार, हे प्रस्तावात कुठेच लिहिलेले नाही.

कायद्याचे थोडक्यात. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय विदा-संरक्षण नियमांचे नववे कलम राजकीय मते, धार्मिक वा तात्त्विक श्रद्धा, वांशिक मूळ ह्यांविषयीच्या माहितीला विशेष संरक्षण देते. आपल्या सदस्ययाद्या आणि ती पत्रे ह्या कलमाच्या अगदी पोटात बसतात. ह्या राज्याचे विदा-संरक्षण आयुक्तालय ड्युसेलडॉर्फमध्येच आहे; उद्या काही फुटले तर पत्र लांबून येणार नाही. आणि कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, टोपणनावाने लिहिणारे आपले मित्र आहेत, त्यांचे आईवडील सांगलीला आणि अकोल्याला आहेत.

ज्यांना माझा प्रस्ताव झेपणारा वाटत नाही त्यांच्यासाठी एक दुसरी वाट आहे, आणि ती सीपॅनेलकडे जात नाही. हाम्बुर्गला होस्टशेअरिंग नावाची सहकारी संस्था आहे, दोन दशकांहून जुनी. सर्व्हर सभासदांच्या मालकीचे, प्रणाली डेबियन, मत दर सभासदाला एक. सहकार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर साखर सम्राट उभे राहतात हे मला माहीत आहे. पण लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ज्या कल्पनेवर उभे होते ती ह्याच ऱ्हाईनच्या काठची आहे. इथून नदीच्या वरच्या अंगाला नॉयवीडजवळ हेडेसडॉर्फ आहे. फ्रीडरिश राइफायझेनने १८६४ मध्ये तिथे शेतकऱ्यांची पतपेढी काढली, तिचा अभ्यास करून मद्रासच्या निकल्सनने अहवाल लिहिला, आणि त्यातून १९०४ चा भारतातला सहकारी पतसंस्था कायदा आला. सावकाराला पर्याय म्हणून जे आपण इथून नेले ते परत इथे आल्यावर वापरायला लाज कसली?

माझी दुरुस्ती-सूचना लेखी देत आहे, ती मूळ प्रस्तावाच्या आधी मताला टाकावी.

डेबियनची स्थिर आवृत्ती, आयएसपीकॉन्फिग ज्या सर्वांत नव्या आवृत्तीला पाठिंबा देत असेल ती. पॅनेल आयएसपीकॉन्फिग. सात संस्थांना सात वेगळे कारभारी, एकवीस संकेतस्थळांना एकवीस वेगळे वापरकर्ते. खर्चाच्या कारणाने कोणाचीही खाती एकत्र करायची नाहीत. मुख्य किल्ली तिघांकडे, त्यात किमान एक जण तिशीच्या आतला. रोजचा बॅकअप दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर, कुलूपबंद करून. आणि दर सहा महिन्यांनी तो खरोखर परत उभा करून बघायचा, त्या दिवशी सातही संस्थांचा एक-एक माणूस हजर. स्थलांतराच्या आधी प्रत्येक संस्थेने आपले पन्नास जुने लेख निवडून त्यांच्या छापील प्रती माझ्याकडे द्याव्यात. नव्या सर्व्हरवर मी ते अक्षर न् अक्षर ताडून पाहीन. गणेशोत्सव मंडळाने स्थलांतराच्या आधी आपली न वापरलेली चौदा प्लगिने काढून टाकावीत. यादी त्यांच्या सचिवांना कालच पाठवली आहे.